लिलावात घेतलेले घर आणि आत राहिलेला संसार

बँकेच्या लिलावात परभणी, सेलू किंवा गंगाखेडला घर घेतले, पैसे भरले, किल्ली हाती आली. दार उघडले तर आत दिवाण आहे, लोखंडी कपाट आहे, माळ्यावर पितळी भांड्यांची पोती आहेत, देवघरात टाक आहेत आणि खुंटीला मुलांची दप्तरे. या वस्तूंचे काय करायचे, हे लिलावाच्या जाहिरातीत लिहिलेले नसते. शेजाऱ्यांना विचारले तर सहसा दोन उत्तरे मिळतात: ‘आता सगळं तुमचंच’ आणि ‘देऊन टाका भंगारवाल्याला’. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्ही आपल्याला पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतात.

कर्जासाठी बँकेकडे गहाण होते ते घर आणि त्याखालची जागा. लिलावानंतर आपल्याला मिळते ते विक्री प्रमाणपत्र, म्हणजे घर आपल्याला विकल्याचा बँकेच्या अधिकाऱ्याने दिलेला दाखला. त्यात चतुःसीमा असते, घर क्रमांक असतो, क्षेत्रफळ असते. कपाट आणि भांडी नसतात. ती बँकेकडे तारण नव्हती, म्हणून बँकेने ती विकलेली नाहीत, आणि जे विकलेच नाही ते आपले झालेले नाही. घराचा मालक बदलला, कपाटाचा बदलला नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

सुरुवात बोली लावण्याआधीच करायची. बँका असे लिलाव बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली करतात. थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता दिवाणी दाव्याशिवाय विकण्याचा अधिकार हा कायदा बँकेला देतो. लिलावाच्या जाहिरातीत ताब्याचा प्रकार दिलेला असतो, तो शब्द शोधा. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे बँकेने दारावर सूचना चिकटवली आणि वृत्तपत्रात छापली, पण घरात अजून जुने कुटुंब राहते किंवा त्यांचे कुलूप आहे. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणजे घर खरोखर बँकेच्या कुलपात आहे. सांकेतिक ताब्यातले घर स्वस्त दिसते. त्या स्वस्ताईत पुढचे कितीतरी महिने आणि आतल्या सामानाची जबाबदारी धरलेली असते, हे लक्षात ठेवून बोलीची रक्कम ठरवा.

त्याच जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ अशा धर्तीचे वाक्य असते. काही बँक कर्मचारी त्याचा अर्थ ‘आतल्या सामानासकट, ते तुमचे तुम्ही बघा’ असा सांगतात. हे वाक्य घराच्या स्थितीबद्दल आहे. भिंत ओली असेल, घरपट्टी थकली असेल तर नंतर तक्रार चालणार नाही, एवढे ते सांगते. तिसऱ्याच्या भांड्यांची मालकी त्याने आपल्याकडे येत नाही.

पाहणीच्या दिवशी घर बघायला जाल तेव्हा प्राधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे लिलावासाठी बँकेने नेमलेल्या अधिकाऱ्याला, एक प्रश्न विचारा: आतल्या वस्तूंची यादी केली आहे का? केली असेल तर प्रत मागा. केली नसेल तर कधी करणार, ते ईमेलवर विचारा. तोंडी उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

बोली आपल्या नावावर निघाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण किमतीच्या २५ टक्के रक्कम भरावी लागते. आधी भरलेली अनामत त्यातच धरली जाते. उरलेले ७५ टक्के विक्री पक्की झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत, किंवा बँकेच्या लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिन्यांत. सामानाविषयीचे पत्र याच काळात गेले पाहिजे. पैसे पूर्ण भरल्यावर आपण मागे लागणारे होतो. तोवर मात्र बँकेलाही व्यवहार पुरा करण्याची घाई असते.

पत्र साधे असावे: घराचा ताबा रिकामा हवा, आत वस्तू असतील तर बँकेने पंचांसमोर यादी करून जुन्या मालकाला त्या नेण्याची लेखी संधी द्यावी, ताब्याची तारीख कळवावी. एवढे तीन मुद्दे पुरतात. पत्राची आवक नोंद असलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

जुने कुटुंब घर सोडत नसेल तर आपण स्वतः कुलूप तोडायचे नाही, वीज-पाणी बंद करायचे नाही, चार माणसे घेऊन जायचे नाही. हे काम बँकेचे आहे आणि त्यासाठी कायद्यात कलम १४ आहे. बँक परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी म्हणून, अर्ज करते. त्यांनी ३० दिवसांत, आणि कारण नोंदवून मुदत वाढवली तर एकूण ६० दिवसांत, आदेश द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्ष कारवाईला हाताखालचा अधिकारी येतो आणि सोबत पोलीस बंदोबस्त असतो.

‘विक्री प्रमाणपत्र दिले, आता आमचा संबंध संपला’ असे बँकेने सांगितले तर गोव्यातल्या एका खटल्याचा दाखला द्या. तिथले समुद्रकाठचे पार्क हयात हॉटेल आयएफसीआय या वित्तसंस्थेने लिलावात काढले आणि आयटीसी कंपनीने घेतले. जुने मालक ब्लू कोस्ट हॉटेल्स ताबा सोडेनात. विक्री झाल्यावर वित्तसंस्थेला कलम १४ खाली अर्ज करता येतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९ मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की करता येतो, कारण खरेदीदाराला प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत तिचे काम शिल्लकच असते. पंचतारांकित हॉटेलासाठी सांगितलेले हे तत्त्व वसमत रोडवरच्या दोन खोल्यांनाही लागू आहे.

आता ताब्याचा दिवस. सगळ्यात जास्त गोंधळ या दिवशी होतो, म्हणून इथे थोडे थांबू.

पंचनामा म्हणजे दोन तटस्थ माणसांसमोर, जे दिसले ते जागेवर लिहून सह्या घेतलेला कागद. सरफेसीच्या २००२ च्या नियमांत नियम ४ खाली पंचनामा आणि वस्तूंची यादी यांचे छापील नमुने आहेत. ते मूळचे जंगम तारणासाठी आहेत, म्हणजे ट्रॅक्टर, यंत्रे अशा हलवता येणाऱ्या तारणासाठी. घरात राहिलेल्या सामानालाही तेच नमुने वापरा, असा आग्रह धरा. तयार रकाने असले की अधिकारीही टाळाटाळ करत नाहीत.

यादी कशी असू नये ते आधी सांगतो. ‘घरगुती सामान, एक खोली’ अशी एका ओळीची यादी मी चालवून घेणार नाही, आपणही घेऊ नका. सहा महिन्यांनी जुना मालक म्हणाला की कपाटात पाच तोळे सोने होते, तर त्या ओळीतून काहीच सिद्ध होत नाही. खोलीवार लिहा: वस्तू, संख्या, स्थिती. कपाट बंद असेल तर ‘बंद, उघडले नाही, मोहोर लावली’ असे लिहून त्यावर पंचांच्या सह्यांची कागदी पट्टी चिकटवा. उघडावेच लागले तर बँकेचा अधिकारी, पंच आणि शक्य असल्यास जुन्या कुटुंबातले कोणी समोर असतानाच उघडा.

सोबत सलग चित्रफीत घ्या. गल्लीतून सुरू करून दार, कुलूप, मग प्रत्येक खोली, मध्ये न तोडता. फोटो तुकड्यांत असतात, आणि दोन फोटोंच्या मधल्या वेळात काय झाले यावरच पुढे भांडण होते.

शेवटी ताबापावतीवर सही मागतात. तिच्यावर ‘रिकाम्या घराचा शांततापूर्ण ताबा मिळाला’ असे आधीच टंकलेले असू शकते. घर भरलेले असताना या वाक्याखाली सही केली तर आतल्या प्रत्येक वस्तूचा जाब आपल्याकडे येतो. ‘सोबतच्या यादीतील वस्तूंसह’ हे शब्द हाताने घाला आणि यादी जोडा. त्याहून चांगले म्हणजे, बँकेने सामान स्वतःच्या खर्चाने गोदामात हलवावे आणि मगच आपण सही करावी. हे मागायला संकोच वाटू देऊ नका.

सामान आपल्याच घरात राहिले तर पुढचे काम वर्गवारीचे. घराचे काय आणि माणसांचे काय, हे वेगळे करायचे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ८ इथे वाट दाखवते: घरासोबत त्याची कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसवलेल्या इतर गोष्टी जातात. भिंतीतली कडप्प्याची फळी, गच्चीवरची नळ जोडलेली टाकी, बोअरमध्ये सोडलेली मोटार या साधारणपणे घराच्या बाजूला धरल्या जातात. खुंटीवरचा आरसा, स्टँडवरचा कूलर, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी माणसांच्या बाजूला. पंख्यावरून वाद होतातच. पाचशे-हजाराच्या पंख्यासाठी भांडण्यापेक्षा तो देऊन टाकावा, असे माझे मत आहे.

काही वस्तू दोघांच्याही नसतात. विजेचा मीटर महावितरणाचा असतो, तो हलवू नका. गॅसचे सिलिंडर कंपनीचे असते आणि जोडणी जुन्या मालकाच्या नावावर, म्हणून एजन्सीला कळवा. अंगणात दुचाकी असेल तर क्रमांक लिहून पोलीस ठाण्यात लेखी द्या. तिच्यावर दुसऱ्याच कुणाचे कर्ज असू शकते. बंदूक किंवा काडतुसे दिसली तर हात न लावता त्याच क्षणी पोलिसांना बोलवा. जुन्या वाड्याची फरशी काढताना पुरलेली नाणी निघाली तर ती ना आपली, ना जुन्या मालकाची असे धरून काम थांबवा आणि तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दावणीला जनावर असेल तर त्याच्यासाठी नोटिशीची वाट पाहता येत नाही. पाणी-वैरण सुरू ठेवा आणि त्याच दिवशी मालकाला, बँकेला आणि पोलिसांना सांगा.

कागद ही वेगळीच बाब, आणि आपल्या मराठवाड्यात तर फारच. लोक पत्र्याच्या पेटीतले पिवळे कागद रद्दी समजतात. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे इथल्या घरांत उर्दूत किंवा मोडीत लिहिलेले कागद, जुन्या शाळेचे दाखले, खासरा पत्रकाच्या नकला सापडतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा असे कागद किती मोलाचे आहेत हे घराघरांत कळले. एका दाखल्यावर त्या कुटुंबातल्या मुलीचा प्रवेश अवलंबून असू शकतो. म्हणून कागद न वाचता, न निवडता, जसे आहेत तसे एका पेटीत भरा, पेटीवर मोहोर लावा आणि ती सगळ्यात आधी परत करा. फोटो, लग्नाचे अल्बम, देव आणि औषधेही त्याच पहिल्या फेरीत.

कायदाही काही वस्तूंना वेगळे मानतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ऋणकोची नेसती-पांघरती वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, जनावरे आणि बियाणे यांवर खुद्द न्यायालयालाही जप्ती आणता येत नाही. जे न्यायालय अडवत नाही ते आपण अडवू नये. विशेषतः जूनच्या तोंडावर सोयाबीनचे बियाणे किंवा पेरणीचे तिफण आपल्या कुलपात अडकले असेल, तर ते त्याच आठवड्यात मोकळे करा.

आता नोटीस. ती जुन्या मालकाला, सहकर्जदाराला आणि जामीनदारालाही जावी. पत्ते बँकेकडे असतात. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत घराच्या दारावर चिकटवून फोटो घ्या, एक बँकेला आणि एक स्थानिक पोलीस ठाण्यात द्या. मालकाचा ठावठिकाणाच नसेल तर परभणीत वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात छोटी जाहीर सूचना द्या. मजकुरात वस्तूंची यादी, त्या नेण्याचे वार आणि वेळा, आपला फोन आणि अखेरची तारीख असावी.

किती दिवस द्यायचे? कायद्यात ठरलेला आकडा नाही, ‘वाजवी काळ’ असा शब्द आहे. मी किमान ४५ दिवस सुचवेन, त्यालाही कारण आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध सरफेसीच्या कलम १७ खाली दाद मागायला कर्जदाराला ४५ दिवस असतात, आणि परभणीचे अर्ज छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातात. न्यायाधिकरणाने उद्या कारवाई रद्द केली तर ताबा परत द्यावा लागेल. त्या दिवशी वस्तू जागेवर असलेल्या बऱ्या. तिथे अर्ज दाखल झाल्याचे कळले तर निकाल लागेपर्यंत एकही वस्तू विकू नका.

तोवर सांभाळण्याची जबाबदारी आपली. भारतीय करार कायदा, १८७२ सांगतो की दुसऱ्याची वस्तू ज्याच्या हाती आहे त्याने, सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी. त्याहून जास्त अपेक्षा नाही, पण कमीही चालत नाही. एक कोरडी खोली निवडा, सामान विटांवर उचलून ठेवा, वाळवीचे औषध फवारा, खोलीला दोन कुलपे लावून एकाची किल्ली बँकेला किंवा पंचाला द्या. गच्चीवर प्लास्टिक टाकून ठेवलेला संसार पहिल्या मोठ्या पावसात गेला, तर ‘जागा नव्हती’ हे कारण टिकणार नाही.

वस्तू न्यायला कोण येते, तेही नीट बघा. पुतण्या टेम्पो घेऊन येतो आणि म्हणतो, काकांनी पाठवलंय. काकांशी फोनवर बोलणे पुरेसे नाही. त्यांचे सहीचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या. भावाभावांत वाटणीचा वाद असेल, नवरा-बायको वेगळे राहत असतील, तर सर्वांना एकाच दिवशी बोलवा किंवा बँकेच्या अधिकाऱ्यासमोर द्या. यादीवर प्रत्येक वस्तूपुढे खूण, खाली ‘मिळाले, तक्रार नाही’ आणि सही. टेम्पो भरतानाची चित्रफीतही ठेवा.

‘जुने वीजबिल भरा, मगच भांडी न्या’ असे मात्र म्हणू नका. थकलेले बिल, घरपट्टी किंवा सोसायटीचा देखभाल खर्च हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा मार्ग महावितरण, महापालिका व बँकेकडे आहे. सामान ओलीस धरले की न्याय्य बाजूही दुबळी होते. शक्य असेल तर टेम्पोचे भाडे आपणच द्या. ते कुटुंब याच गावात, बहुधा याच सोयऱ्याधायऱ्यांत राहणार आहे, आणि घर सोडणे हा त्यांच्या आयुष्यातला फार कठीण दिवस आहे.

मुदत संपली आणि कोणीच आले नाही, तरी भंगारवाल्याला हाक मारायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे दुसऱ्याची जंगम वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करणे हा गुन्हा आहे; शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे आणि दंड. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, सापडलेल्या वस्तूचा मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न आणि वाजवी वाट पाहणे याला महत्त्व दिले आहे. आपल्या नोटिशी, पावत्या आणि जाहीर सूचना इथे कामी येतात.

करार कायद्याचे कलम १६९ सापडलेली वस्तू विकू देते, पण अटी कडक आहेत. मालक शोधूनही सापडत नसावा किंवा रास्त खर्च द्यायला नकार देत असावा. शिवाय वस्तू नासण्याच्या बेतात असावी किंवा सांभाळण्याचा रास्त खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेलेला असावा. पोत्यातला गहू किंवा हरभरा त्यात बसू शकतो, सागवानी पलंग सहसा नाही. म्हणून सरळ मार्ग असा: बँकेला लिहून तिच्याकडून सामान हलवून घ्या किंवा जाहीरपणे विकवून घ्या, आलेले पैसे मालकाच्या नावे जमा राहतील असे लेखी मागा. बँक हलत नसेल तर वकिलामार्फत न्यायाधिकरणाकडे निर्देश मागा. वेळ लागतो, पण त्यानंतर बोट दाखवायला जागा उरत नाही.

घरात भाडेकरू असेल तर सामान त्याचे आहे, जुन्या मालकाचे नाही, आणि नोटीसही त्यालाच द्यायची. गहाणाच्या आधीपासूनचा खरा भाडेकरार असेल तर तो माणूस सहजासहजी निघत नाही. हे बोलीआधी शेजारी विचारून कळते.

सगळेच लिलाव सरफेसीखाली होत नाहीत. सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी ते स्पष्ट केले. पण पतसंस्था आणि काही सहकारी बँका अजून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५६ खाली वसुली अधिकाऱ्यामार्फत लिलाव करतात. तिथे पत्रे वसुली अधिकाऱ्याला जातात. न्यायालयाच्या हुकुमनाम्यातून लिलाव झाला असेल तर ताबा बेलिफामार्फत मिळतो आणि त्यासाठीचा अर्ज विक्री कायम झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. हे वर्ष चुकवल्यामुळे लोक अडकतात. सामानाची यादी मात्र तिन्ही ठिकाणी तशीच करायची.

घर रिकामे झाल्यावरही जुन्या नावाची टपाले येत राहतात: विमा कंपनीची पत्रे, न्यायालयाची समन्से, कुणाची तरी लग्नपत्रिका. ती फोडू नका आणि ठेवूनही घेऊ नका. पोस्टमनला ‘सदर व्यक्ती येथे राहत नाही’ असे लिहून परत द्या, आणि जुन्या मालकाचा नवा पत्ता माहीत असेल तर तोही पाकिटावर लिहा.